मदत हवी आहे: प्रेसवर भावाची दोन बोटे गेली, मालक सही मागत आहेत

येरळाकाठ (शनिवार, 6 जुलै 2024)
कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करताना माझ्या धाकट्या भावाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्याचे बिल मालकांनी भरले आणि आता 'चाळीस हजार मिळाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशा मजकुराच्या शंभराच्या स्टॅम्प पेपरवर ते त्याची सही मागत आहेत. सोमवारी अकरा वाजता बोलावले आहे. सही करावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त फिटर
करू नये. परंतु पुढचे सांगण्यासाठी अपघाताची तारीख, बोटे मुळापासून गेली की पेरे गेली, भाऊ कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर आहे का आणि मालकाने ईएसआयला द्यायचा अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म 12, भरला का, हे कळवावे. प्रेसच्या क्लचची चावी, म्हणजे चाक आणि दांडा जोडणारी खीळ, झिजलेली असली तर पायडलवरून पाय काढल्यानंतरही रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, दुसऱ्यांदा खाली येतो, आणि नेमका त्याच वेळी हात डायमधला (खालच्या साच्यातला) तुकडा उचलायला गेलेला असतो. असे प्रेस मी पुष्कळ उघडले आहेत.

हळदपेठ
घरी सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अर्ज करावा. आमच्या शेजाऱ्यांचा हात कडबाकुट्टीत गेला, तेव्हा त्यांना एक लाख मिळाले होते.

निवृत्त फिटर
त्या योजनेत हात, पाय किंवा डोळा गमवावा लागतो; दोन बोटे तिथे बसत नाहीत.

येरळाकाठ
एवढी माहिती लागेल असे वाटले नव्हते. अपघात 9 मे रोजी झाला. तर्जनी आणि मधले बोट, दोन्ही मुळापासून गेली. भाऊ 25 वर्षांचा आहे, ठेकेदाराकडे आहे आणि पगार 12,500 आहे. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असणारा गार्ड त्यानेच काढला, असे मालक म्हणतात. भाऊ सांगतो की तो कामाला लागला त्या दिवसापासून गार्ड प्रेसमागे, ऑईलच्या डब्याखाली पडून होता. सोमवारी काय करायचे?

गूळमार्केट
मी कामगारांचे दावे चालवतो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार एका हाताची दोन बोटे गेल्यास कमावण्याची क्षमता 20 टक्क्यांनी घटली असे धरतात. पगाराच्या 60 टक्के म्हणजे 7,500, त्याला कायद्यात वय 25 साठी दिलेला गुणांक 216.91 आणि त्याचे 20 टक्के, असे 3,25,365 रुपये होतात. कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालक यातून सुटत नाही. गार्ड भावाने मुद्दाम काढला, हे मालकाला सिद्ध करावे लागेल, आणि हक्क सोडून देणाऱ्या अशा कागदाला कायदा किंमत देत नाही. दावा दोन वर्षांत करता येतो. तातडीने दाखल करावा.

निवृत्त फिटर
वकीलसाहेब, आपला हिशेब बरोबर आहे, पण दार चुकले आहे. ईएसआय लागू असेल तर 1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे हा दावा उभाच राहत नाही, म्हणून मी नंबर विचारला होता.

गूळमार्केट
अशा ठेकेदारांकडे ईएसआय क्वचितच असते, हा माझा अनुभव आहे. नसेल तर माझाच मार्ग उरतो.

येरळाकाठ
नंबर भावाला माहीत नाही. मोबाईलमध्ये एप्रिलच्या पगारपत्रकाचा फोटो मिळाला; त्यात 'ई.एस.' या रकान्यात 94 रुपये कापलेले दिसतात. ते हेच का?

निवृत्त फिटर
हेच. 12,500 चे 0.75 टक्के 93.75 होतात आणि वर पूर्ण करून 94. हा फोटो दुसऱ्या दोघांच्या मोबाईलवरही ठेवावा. ठेकेदाराने कापलेले पैसे पुढे भरले नसले तरी भावाचा हक्क जात नाही; ईएसआय महामंडळ ती वसुली मालकाकडून करते. काम बंद आहे तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात आणि नंतर वैद्यकीय मंडळ जी कायमची टक्केवारी ठरवेल, त्यानुसार दरमहा रक्कम सुरू होते. सोमवारी सही न करता ईएसआयचा नंबर आणि अपघात अहवालाची प्रत लेखी मागावी, व त्या मागणीच्या आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. फॉर्म 12 भरला का, याचे उत्तर अजून आलेले नाही.

येरळाकाठ
ठेकेदाराला आत्ताच फोन केला. 'तो कसला फॉर्म?' असे त्याने विचारले.