मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन रविवार ते मंगळवार पुण्यात, पेठांमध्ये कधी काय खावं?

वऱ्हाडी_पाहुणा

नमस्कार मंडळी,

लेकीच्या कॉलेजप्रवेशासाठी अमरावतीहून येतोय. रविवारी सकाळी पुणे स्टेशनला उतरणार, मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. सोबत बायको, लेक आणि माझे आई-बाबा. मुक्काम स्वारगेटजवळ, स्वतःची गाडी नाही. कॉलेजचं काम सोमवारी सकाळी उरकेल. उरलेला सगळा वेळ खाण्यासाठी राखलाय, हे लेकीला अजून सांगितलेलं नाही.

'पुण्यात खायलाच हवेत असे पदार्थ' छापाच्या याद्या वाचून झाल्या. तीच नावं, तेच फोटो. कुठलं दुकान कधी बंद असतं हे मात्र कोणी लिहीत नाही, आणि पुण्याबद्दल आमच्याकडे पहिली शंका तीच असते.

आता खऱ्या अडचणी. बाबांना शुगर आहे, पण तिखट लागतंच. 'पुण्याची मिसळ म्हणजे गोडमिट्ट' असं त्यांचं ठाम मत आहे, आणि ते त्यांनी न खाताच बनवलंय. गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं नाही. आईचा सोमवारचा उपास असतो. शिवाय आम्ही मटण खाल्लं तर ती त्याच हॉटेलात बसते, पण दुसऱ्या टेबलावर.

आमच्याकडे कोणी आलं तर मी त्याला गिला वडा खायला नेतो, हॉटेलच्या पाट्या दाखवत फिरवत नाही. तसं सांगा. तुमच्या घरी पाहुणे आले असते तर त्यांना कुठे नेलं असतं?

पेठकरी

नाव ठरवण्याआधी वार ठरवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर सोमवारी बंद असतं, म्हणजे तुम्हाला रविवार नाहीतर मंगळवार. रविवारी तिथे अर्धं पुणे उभं असतं, म्हणून मंगळवारी सकाळी जा. मिसळीबरोबर पाव मागू नका, स्लाइस ब्रेडच येतो. रस्सा खरंच गोडसर असतो, मसाल्याचा वास पुढे आणि तिखट मागे. बाबांचं मत पक्कं होईल. पण तो गोडवा मुद्दामच असतो, पुण्याच्या जुन्या मिसळीची चव तीच.

रविवारी सकाळी त्यांना टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेजवळ रामनाथला न्या. स्वारगेटहून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. तिथला रस्सा खाऊन 'गोडमिट्ट' म्हणाले तर मला कळवा. मला त्यांना भेटायला आवडेल.

कॅम्पवाली

सगळे पेठांतच नेताय त्यांना. कॅम्पही पुण्यातच आहे हो!

ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी रविवारी बंद आणि दुपारी मध्ये काही तास बंद. सोमवारी कॉलेजचं काम झालं की चारनंतर जा. श्रूसबेरी बिस्किटं घरी न्यायला, मावा केक तिथेच बाहेर उभं राहून खायला. गुडलक मात्र डेक्कनला, फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी. लेकीला तिथला बन मस्का आणि चहा, तुम्हाला खिमा पाव. १९३५ पासूनचं इराणी हॉटेल आहे, गर्दी असली तरी टेबल लवकर रिकामं होतं.

सोमवारचा_उपाशी

आईंची काळजी करू नका. उपासाच्या बाबतीत पुणं फार पुढारलेलं आहे. आमच्याकडे उपासाची मिसळसुद्धा मिळते: साबुदाण्याची खिचडी, वरून बटाट्याचा चिवडा, दाण्याची आमटी आणि काकडी. पेठांतल्या बऱ्याच उपाहारगृहांत असते, उपासाच्या वारी तर हमखास. एवढं खाऊन उपास कसला, असं माझे वडील म्हणायचे आणि दुसरी प्लेट मागवायचे.

स्वारगेटहून भूमिगत मेट्रोने मंडई पुढचंच स्टेशन आहे. गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे. बाहेर पडलात की तुळशीबाग जवळच. बायको आणि लेक खरेदीत रमतील तोवर तुम्ही आणि बाबा श्रीकृष्ण भुवनमध्ये बसा, तिथलीही मिसळ झणझणीत.

अमृततुल्य_भक्त

चहाबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

हल्ली 'अमृततुल्य' नावाच्या शाखा कुठल्याही गावात दिसतात. त्या सोडा. पेठेतलं जुनं अमृततुल्य शोधा, नाव बहुतेक देवाचं असतं. दारातच शेगडी, त्यावर पितळी पातेलं, बाजूला आलं-वेलची कुटायचा खलबत्ता. दूध, पाणी, साखर आणि पूड सगळं एकत्रच उकळतं. चहावाला ओगराळ्याने चहा उंचावरून खाली सोडत राहतो आणि शेवटी फडक्यातून किटलीत गाळतो. बहुतेक जुनी दुकानं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांची.

बाबांसाठी महत्त्वाचं: साखर आधीच पडलेली असते, त्यामुळे 'बिनसाखरेचा' म्हटल्यावर जमेलच असं नाही. गर्दी नसेल तर वेगळा करून देतात. नाहीतर कटिंग अर्धा-अर्धा घ्या. बरोबर क्रीमरोल असतो, तो बाबांच्या नजरेआड ठेवा.

पेठकरी

क्रीमरोल नजरेआड आणि मस्तानी नजरेसमोर? निंबाळकर तालमीजवळच्या सुजाताला नेणारच ना त्यांना? घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा. पाच जणांत दोन ग्लास आणि जास्तीचे चमचे मागा. आंब्याचा मोसम संपत आला असला तरी मिळाली तर आंब्याचीच घ्या.

वऱ्हाडी_पाहुणा

वा! वारावरून ठरवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, रामनाथच्या भागावर ते हसले आणि 'पाहू' म्हणाले. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे होकार.

दोन गोष्टी राहिल्या. मटण कुठे, आणि सिंहगडावरचं पिठलं-भाकरी जमेल का? आईची तेवढी एकच फर्माईश आहे.

रिकामटेकडा

मटण रविवारी दुपारी उरका, म्हणजे आईंच्या सोमवारात अडचण नको. सदाशिव पेठेत आवारे. सुकं, रस्सा, भाकरी, आणि शेवटी भात चुकवू नका. मावळातला इंद्रायणी मिळाला तर मऊ, चिकट आणि वासाचा असतो, रस्सा त्यातच मुरतो. दुसऱ्या टेबलावर आईंना काय देणार, हा प्रश्न मात्र तुमचा. मी असतो तर त्यांना आणि बायकोला टिळक रस्त्यावर बादशाहीत बसवलं असतं. साधं शाकाहारी ताट, पोळ्या गरम. थोडं थांबावं लागतं.

सिंहगड रविवारी अजिबात नको. पावसाळ्यात रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. मंगळवारी बेडेकर झालं की लगेच खासगी गाडी ठरवून निघा. निघण्याआधी दरड कोसळून रस्ता बंद नाही ना, एवढं विचारून घ्या. वर पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि मडक्यातलं दही. दही आधी मागा, ते लवकर संपतं. शुगरवाल्यांना एवढं निर्धास्त जेवण अख्ख्या सहलीत मिळणार नाही, फक्त भज्यांच्या ताटापासून त्यांना लांब बसवा.

कॅम्पवाली

आणि चितळ्यांकडे दुपारी एक ते चार बंद असतं म्हणून बाकरवडी सकाळीच घ्यायला धावू नका. तो विनोद जुना झाला, २०१७ पासून ती सुट्टी बंद आहे. मंगळवारी गडावरून खाली आल्यावर घेतलीत तरी चालेल.

वऱ्हाडी_पाहुणा

ठरलं. रविवारी सकाळी रामनाथ, दुपारी आम्ही आवारे आणि आई-बायको बादशाही. सोमवारी मंडईत उपासाची मिसळ, चारनंतर कयानी. मंगळवारी बेडेकर आणि गड. मस्तानी रविवारी रात्री, बाबा झोपल्यावर.

फक्त सुजाता रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, तेवढं कोणीतरी सांगा. बाबा लवकर झोपत नाहीत.