कधी इन्फेक्शन नाही, तरी रक्तात स्टॅफच्या अँटिबॉडीज?

प्रश्न: मला स्टॅफ ऑरियस या जंतूचं (बॅक्टेरियाचं) इन्फेक्शन कधीच झालं नाही, पण वाचलं की जवळपास सगळ्याच निरोगी मोठ्या माणसांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) सापडतात, हे कसं काय?

उत्तर १: अहो आजारी पडायलाच हवं असं नाही. साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या नाकात हा जंतू कायम मुक्कामाला असतो, बाकीच्यांपैकी अनेकांकडे येऊन जाऊन, शिवाय बारीकसारीक जखमा होतातच, त्यामुळे लहानपणापासून ओळख होत जाते. अँटिबॉडीजचं प्रमाण मात्र माणसागणिक खूप वेगळं.

प्रश्नकर्ता: मग संरक्षण पक्कं ना?

उत्तर २: नाही ना! या जंतूकडे प्रोटीन ए नावाचं प्रथिन असतं, ते अँटिबॉडीला शेपटाकडून म्हणजे एफसी भागाला पकडतं, आणि पांढऱ्या पेशींना धरायला नेमका तोच भाग लागतो, म्हणजे अँटिबॉडी चिकटते पण उलट्या बाजूने, उपयोग होत नाही. माणसांवरच्या चाचण्यांत स्टॅफच्या लसी फसल्या त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

उत्तर ३: पण या जंतूच्या विषांविरुद्धच्या अँटिबॉडीज खरंच कामाच्या आहेत हं. टॉक्सिक शॉक हा गंभीर आजार घडवणाऱ्या टीएसएसटी-१ या विषाविरुद्ध बहुतेक मोठ्या माणसांकडे असतात, ज्यांच्याकडे नसतात त्यांनाच टॉक्सिक शॉकचा धोका जास्त.