पाळीची नोंद ठेवणारा हजार रुपयांचा पट्टा: करावा का, आणि कुणासाठी?

सोल्डरगन
ॲपलने २०२२ साली घड्याळात मनगटाचं तापमान मोजायची सोय दिली. त्यावरून स्त्रीबीज कधी सुटून गेलं याचा अंदाज येतो. त्यात जादू काही नाही. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्यानं अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं आणि पुढची पाळी येईपर्यंत साधारण चढलेलंच राहतं. हे मोजणारा थर्मिस्टर मेथीच्या जुडीच्या भावात मिळतो. जोडीला ब्लूटूथची चिप, थोडी मेमरी, बटणसेल. पडदा नकोच. पट्टा रात्री मनगटावर घालायचा, सकाळी काढायचा, आणि पाळी आली की त्यावरचं एकुलतं एक बटण दाबायचं. माझ्या हिशेबानं हजाराच्या आत बसतं.

डोळ्यासमोर बीडच्या ऊसतोड बायका आहेत. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीनं पाहणी केली तेव्हा जिल्ह्यातल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुष्कळजणींची तेव्हा चाळिशीही आली नव्हती. पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेल्या आणि पिशवी काढून आल्या. हातात सहा महिन्यांची नोंद असती तर उलट प्रश्न तरी विचारता आला असता. मतं सांगा. शिव्याही चालतील, मुद्द्याला धरून.

ओपीडीवाली
मुद्द्याला धरूनच देते. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तापमानावरून बीज सुटलं एवढं कळतं, तेही सुटून गेल्यावर. मूल हवं असलेल्या जोडप्याला त्याचा थोडाफार उपयोग. माझ्यासमोर बाई बसते ती "लई जातंय" म्हणून. किती जातंय, हे तुमचा पट्टा सांगणार आहे का? एका पाळीत ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त, असं पुस्तकात आहे, पण मिली मोजतंय कोण! मी विचारते, रात्रीतून उठून कापड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, पडल्या तर रुपयाएवढ्या की मोठ्या. याला दहा रुपयांची वही पुरते. मग हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हजार रुपये खर्चायचेच असतील तर तिथे खर्चा.

माळावरची
आमच्या घरात दोन कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या दोन जोड्या होत्या, म्हणून बोलते. आधी मनगटाचं बघा. हात बांगड्यांनी भरलेला, पट्टा बसवता कुठं? रात्री घालायचा म्हणता. डिसेंबरात पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, एक हात गोधडीत आणि एक लेकराच्या अंगावर बाहेर. पहाटे तीनला उठून चूल पेटवायची. तुमचे ०.३ अंश त्यात शोधून दाखवा.

दुसरं, खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम खाडा धरतो आणि उचलीच्या, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात पैसे कापतो. पिशवी काढून टाकावीशी वाटते ती तिथून, नोंद नव्हती म्हणून नाही. तुमचा पट्टा ब्लूटूथनं बोलणार तो कुणाच्या फोनशी? नवऱ्याच्या. टोळीला फुकट वाटला तर मुकादमाच्या. कोण बाई कुठल्या तारखेला बसणार हे त्याला आयतंच कळेल.

फुकटचा वकील
ही भीती हवेतली नाही. फ्लो नावाचं पाळीचं ॲप आहे. माहिती खासगी ठेवू असं सांगून ती फेसबुक, गूगलसारख्यांच्या हाती दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला आणि २०२१ मध्ये समझोता झाला. आपल्याकडे २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, पण तो मुकादमाला कोपीत जाऊन कोण वाचून दाखवणार? शिवाय खोक्यावर निदानाचा दावा छापलात की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू. मग हजारात बसवा बघू.

निशाचर
सगळे बीडलाच निघालात. मी पुण्यात राहते, पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास आहे, पाळी कधी दीड महिन्यानं, कधी तीन. ॲप इमानेइतबारे दर महिन्याला "पाळी जवळ आली" म्हणून कळवतं. तापमान मोजणारी स्मार्ट अंगठी घेण्याइतका पगार नाही. मला हा पट्टा हवाय.

ओपीडीवाली
निशाचर, पीसीओएसच्या निदानाला आलेख लागत नाही गं. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची लक्षणं आणि सोनोग्राफी, तिन्हीतलं दोन असलं की झालं. तेही दुसरं काही नाही ना हे बघून.

निशाचर
निदान कधीच झालंय, डॉक्टर. औषधानं बीज सुटायला लागलं की नाही, ते मला बघायचंय. तापमान चढलंच नाही तर तेही कळायला हवं. दर वेळी सोनोग्राफीचे पैसे कोण देणार?

ओपीडीवाली
हं. या कामाला चालेल. मग तसंच म्हणा, ऊसतोड बायकांचं नाव कशाला पुढे करता?

कोकम सरबत
स्वस्त साधन आधीच आहे की. माला चक्र. ३२ मण्यांची माळ, लाल मणी पाळीचा पहिला दिवस, रोज रबराची रिंग एक मणी पुढे. पांढरे मणी, म्हणजे ८ ते १९, हे गर्भ राहण्याचे दिवस. चार्जिंग नाही, ॲप नाही.

निशाचर
आणि चक्र २६ ते ३२ दिवसांचं असेल तरच चालतं. माझी रिंग माळ संपून खुंटीला लागेल. वर ती भिंतीवर लटकवली की सासूपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तारीख पाठ.

सोल्डरगन
ठीक. ब्लूटूथ काढला. पट्टा दंडावर, कोपराच्या वर, कपड्याखाली. नोंद पट्ट्यातच राहील, आरोग्य केंद्रात केबल लावूनच वाचता येईल. दुसरं बटण जास्त जाण्याचं, कापड बदललं की एकदा दाबायचं. थंडीतल्या कोपीत तापमानाचा भरवसा नाही हे मान्य, तिथे दोन बटणंच कामाची, सेन्सर निशाचरसाठी. पण वहीवर माझा विश्वास नाही, डॉक्टर. दिवसभर तोडणी करून रात्री वही कोण उघडतं? बटण अंधारात दाबता येतं, लिहिता-वाचता येत नसलं तरी. आणि बीडमध्ये आता खासगी दवाखान्याला पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. त्या फाइलला ही नोंद जोडता येईल.

ओपीडीवाली
दुसरं बटण आवडलं. पण ज्याला ऑपरेशन करायचंच आहे तो फाइल कशी भरतो, हे मी जवळून पाहिलंय.

माळावरची
दंडावर चालेल. वाकीसारखा दिसला तर कुणी विचारणारही नाही. पण केबल लावायला आरोग्य केंद्रात जायचं म्हणजे तोही एक खाडा. त्या दिवसाचे पैसे कोण भरणार, ते आधी ठरवा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात.