झडपेचा ‘आकार’, ‘माप’ की आणखी काही?

तुर्भ्याला एमआयडीसीत एका शीतगृहात मेंटेनन्सला आहे. नव्या मुलांसाठी मशीनरूममध्ये लावायला मराठी सूचनाफलक करायचाय. कुणीतरी आधीच भाषांतर करून ठेवलेलं सापडलं : ‘योग्य आकाराची प्रसरण झडप निवडावी.’ (प्रसरण झडप म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्ह, थंड करणाऱ्या कॉइलमध्ये लिक्विड गॅस किती सोडायचा ते ठरवणारा.) आमच्यातल्या एकाने वाचून विचारलं, “गोल की चौकोनी?” चेष्टाच ती, पण खोट बरोबर पकडली. ‘माप’ लिहू का?

प्रतिसाद : मापच. आकार म्हणजे घडण, रूप. शाडूच्या गोळ्याला आकार येतो. किती मोठं ते सांगायला आपल्याकडे माप आहे : बांगडीचं, ब्लाउजचं, चपलेचं. दुकानात ‘सात आकाराची चप्पल द्या’ म्हणून बघा! ‘फाइलचा आकार’ वाचून वाचून आपला कान बिघडलाय.

प्रतिसाद : वागळे इस्टेटला २५ वर्षं रेफ्रिजरेशनची कामं करतोय. माप लिहिलंत तर पोरगा पाइप मोजत बसेल. हा घोळ पाहिलाय मी. नवा व्हॉल्व्ह जुन्यासारखा दिसतो, नट बसतात, म्हणून आणला आणि लावला. पितळी बॉडी तीच, आतला जेट वेगळा. जेट म्हणजे ऑरिफिस, बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्यावर बारीक आकडा असतो, ०२, ०३ असा. खरी निवड त्या आकड्याची. म्हणून ‘क्षमता’ लिहा.

आम्ही तर ‘किती टनाचा?’ एवढंच विचारतो. हा टन वजनाचा नव्हे बरं का. २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, त्या वेगाने उष्णता ओढणं म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. आणि डब्यावरचा टन सगळीकडे तेवढाच भरत नाही. तोच जेट आर-१३४ए गॅसवर वेगळे टन देतो, आर-४०४ए वर वेगळे. उणे वीसच्या खोलीत आणखी कमी. व्हॉल्व्हच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक घटला तरी कमी. त्यामुळे कॉइलवरचा उष्णतेचा भार धरायचा आणि कंपनीच्या तक्त्यात बघायचं.

धागाकर्ता : क्षमता पटलं. पुढचं वाक्य तर कहर आहे : ‘झडप मोठी असल्यास ती शिकार करते.’

प्रतिसाद : झडप आहे म्हटल्यावर शिकार करणारच की :)

प्रतिसाद : (वागळे इस्टेटवालाच) ते हंटिंग. आम्ही हंटिंगच म्हणतो, पण मराठीत लिहायचंच तर ‘झुलणे’ लिहा. जेट मोठा असला की उघडल्याबरोबर कॉइलमध्ये लिक्विड भसकन जातं. कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे जाणारा सक्शन पाइप गार पडतो, त्याला पट्टीने बांधलेल्या बल्बला (व्हॉल्व्हचा तापमान ओळखणारा भाग) ते लागतं, व्हॉल्व्ह मिटतो. मग कॉइल कोरडी, सुपरहीट (लिक्विडची वाफ झाल्यावर ती वर आणखी जेवढी तापते ते) चढतं, परत उघडतो. गेजचा काटा म्हणून एका जागी ठरत नाही, आणि मध्येच लिक्विड कॉम्प्रेसरपर्यंत पोचलं तर खर्च वाढला. पण काटा नाचतोय म्हणून लगेच जेट बदलू नका. बल्बची पट्टी सैल नाही ना, हे आधी हात लावून बघा. जेट लहान असेल तर कॉइलच्या तोंडाशीच तेवढा बर्फ धरतो आणि खोलीचं तापमान काही उतरत नाही.

धागाकर्ता : फलकावर अखेर हे गेलं : ‘कॉइलच्या भाराला पुरेल इतक्याच क्षमतेचा व्हॉल्व्ह घ्यावा. स्टोअरमध्ये येताना जुन्या जेटचा नंबर आणि गॅसचं नाव लिहून आणावं.’ ‘झडप’ मुद्दाम काढली. काउंटरवर मागितली असती तर आमच्या स्टोअरकीपरने दाराची कडी काढून दिली असती.