पोकलेनच्या बकेट पिना भोकापाशी तडकतात आणि पट्ट्यापट्ट्यांनी झिजतात – मदत हवी आहे

शिरोली_टर्निंग
नमस्कार. २० टनी पोकलेनच्या बकेट-आर्म जोडाच्या २४ पिना केल्या, त्यात दोन वेगवेगळे दोष निघालेत. मशिनं टोपकडच्या दगडखाणीत चालतात, त्यामुळे फत्तराची भुकटी दिवसभर जोडात जाते.

माल ईएन१९ (क्रोम-मॉलीचं मिश्र पोलाद). ८२ मिमीचा काळा रोल्ड बार, लेथवर ८०.६ ला आणला, इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलने वरचा थर तापवून लगेच फवाऱ्याने कडक करणं) दुसऱ्या कारखान्यातून करून घेतलं, मग ग्राइंडिंगला ७९.९५. लांबी ४२०. ग्रीससाठी एका टोकातून १० मिमीचं भोक मध्यापर्यंत, तिथून बाहेर ८ मिमीचं आडवं भोक. दोन्ही हार्डनिंगच्या आधी पाडलेली. ड्रॉइंगवर एवढंच लिहिलेलं: ५५ ते ५८ एचआरसी (कडकपणाचं माप), केस (वरचा कडक थर) ४ मिमी.

५ पिनांना आडव्या भोकाच्या काठापासून तडा गेलाय, ८-१० मिमी लांब, पिनेच्या लांबीच्या दिशेने. डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारल्यावर दिसला. शिवाय बसवलेल्यांपैकी ४ पिना ४०० तासांतच ०.८ मिमी झिजल्या. काढून पाहिलं तर अंगावर आट्यांसारखे फिरते पट्टे. एका पट्ट्यावर कानस नुसती घसरते, शेजारच्या पट्ट्यात धरते. टेस्टरवर ५६ आणि ४० एचआरसी.

माल बदलून आला की काय म्हणून फाउंड्रीत स्पेक्ट्रो (मालातल्या घटकांची तपासणी) केला: कार्बन ०.४१, क्रोमियम १.०४, मॉलिब्डेनम ०.२२ टक्के. हार्डनिंगवाले मालाला दोष देतात. पुढची २४ ची बॅच थांबवलीय. काय बदलू? आणि उरलेल्या पिना वाचतील का?

लालताव
दोन मऊ पट्ट्यांच्या मधलं अंतर व्हर्नियरने मोजून सांगा. आणि थंड करणाऱ्या शॉवरला पाणी होतं की पॉलिमर (पाण्यात मिसळायचं, थंड होणं सौम्य करणारं द्रव्य), ते विचारून घ्या.

शिरोली_टर्निंग
१२ मिमी, चारही पिनांवर सारखंच. शॉवरला साधं पाणी.

लालताव
मग पट्ट्यांचा दोष मालाचा नाही, फेऱ्यांचा आहे. स्कॅनिंगमध्ये कॉइल पुढे सरकते आणि पिन स्वतःभोवती फिरते. पिनेच्या एका फेऱ्यात कॉइल जितकी सरकते, तितकं दोन पट्ट्यांमधलं अंतर. म्हणजे चाल मिनिटाला २४० मिमी असेल तर पिन मिनिटाला फक्त २० फेरे घेत होती. शॉवर रिंगची काही छिद्रं क्षाराने बुजली असतील, तर ती बाजू पिनेवर आट्यांसारखी उमटते. चाल तीच ठेवून फेरे ८० वर न्या, पट्टा ३ मिमीवर येतो आणि उष्णता मधे पसरून तो जवळपास पुसला जातो. पण फेरे वाढवणं म्हणजे दोष झाकणं. रिंग काढून प्रत्येक छिद्रात तार घालून साफ करायलाच लावा.

तड्याचं कारण निराळं. भोकाच्या काठाला आतून भरीव लोखंडाचा आधार नसतो. करंट भोकाला वळसा घालून जाताना दोन बाजूंना दाटतो, तिथला काठ बाकीच्या अंगाआधी पांढरट ताव घेतो. त्यावर पाण्याचा फवारा. ईएन१९ मध्ये क्रोम-मॉली आहे, ते तेलातही कडक होतं, त्याला साधं पाणी फार जहाल. ईएन८ या साध्या कार्बन स्टीलला पाणी चालतं, ती सवय इथे लावली की काठ फुटतो.

उपाय असा. आडव्या भोकाचा काठ निदान १.५ मिमी त्रिज्येने गोल करा, धार आणि टूलची खूण राहू देऊ नका. हार्डनिंगच्या वेळी भोकात तांब्याची घट्ट खुंटी ठोका, पिनेच्या अंगाशी समतल, म्हणजे करंटला वाट मिळते. पाण्याऐवजी ८ ते १२ टक्के पॉलिमर, तापमान २५ ते ४० अंश. टक्केवारी रिफ्रॅक्टोमीटरने रोज तपासायची आणि रीडिंगला त्या पॉलिमरच्या फॅक्टरने गुणायचं, नुसतं रीडिंग म्हणजे टक्के नव्हेत.

आणि टेम्परिंग (कडक केल्यावर ताण उतरवायला पुन्हा गरम करणं) कधी केलं?

शिरोली_टर्निंग
माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भट्टीत गेला असं म्हणाले.

लालताव
तिथेच निम्म्या पिना गेल्या असतील. पाणी दिलेली कातडी रात्रभर ताणात उभी राहिली की तडा आपोआप उघडतो. तासाभरात १८० अंशाला टाका, २ तास. शेवटची पिन उतरेपर्यंत पहिली ताटकळत असेल तर लॉट लहान करा.

नायटल
लालताव यांच्याशी सहमत, पण स्पेक्ट्रोवर एवढा भरवसा नको. नमुना कुठून घेतला?

शिरोली_टर्निंग
बार कापलेल्या तोंडावर, साधारण मध्यावर.

नायटल
म्हणजे गाभ्याचा कार्बन कळला, कातडीचा नाही. काळा रोल्ड बार मिलमध्ये लाल असताना त्याच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो. ८० च्या आसपासच्या बारला बाजूने किमान १.५ मिमी तासल्याशिवाय त्या थराच्या खाली गेलो असं धरू नये. तुम्ही ८२ वरून ८०.६ केलं, म्हणजे बाजूने ०.७. ग्राइंडिंग धरूनही १.०२. त्यात बार किंचित वाकडा किंवा अंडाकृती असला तर एका अंगाला अर्धाच मिलिमीटर निघतो आणि कमी कार्बनची कातडी तशीच राहते. तिला कितीही ताव द्या, ५५ येत नाही. पुढच्या वेळी ८५ चा बार.

दुसरं, बार टफन केलेला (आधीच आरपार कडक करून टेम्पर केलेला) होता का? रोल्ड स्थितीतल्या ईएन१९ ला इंडक्शनचे ते चार-पाच सेकंद पुरत नाहीत, रचनेतला कार्बन नीट विरघळत नाही. आधी ८२.५ ला रफ टर्निंग, मग ८६० अंशाला ३ तास, तेलात, आणि ६०० च्या आसपास टेम्पर करून २५० ते ३०० बीएचएन (ब्रिनेल कडकपणा). त्यानंतर फिनिश, भोकं, इंडक्शन. गाभा चिवट होतो आणि केसही एकसारखी बसते.

भांडणाआधी एक पिन कापा, कोणाच्या शब्दावर जाऊ नका. भरपूर कूलंट सोडून अ‍ॅब्रेझिव्ह व्हीलने, मध्यावर आणि टोकापासून ५० मिमीवर. ६०० च्या पेपरपर्यंत घासून ५ टक्के नायटल लावा: ९५ मिली स्पिरिटमध्ये ५ मिली नायट्रिक आम्ल, आम्लच स्पिरिटमध्ये ओतायचं, लागेल तेवढंच करायचं, घट्ट बूच लावून साठवायचं नाही. केस आणि गाभ्याचा रंग वेगळा उठतो. आकडा हवा तर विकर्स (कडकपणाचं दुसरं माप) घ्या. ५५ एचआरसी म्हणजे सुमारे ५९५ विकर्स, त्याचे ८० टक्के ४७६. तितका कडकपणा जिथवर टिकतो ती केस. ड्रॉइंगवर हे लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीने ४ मिमी मोजतो.

कागल_फिटर
मधेच विचारतो, एवढ्यापेक्षा ईएन८ का नको? स्वस्त आहे, पाणीही चालतं.

लालताव
कातडी कडक मिळेल, पण ८० मिमीत गाभा तसा चिवट होत नाही. बकेट दगडात अडकवून मशीन उचलणारे ऑपरेटर खाणीत असतातच, त्या धक्क्याला गाभाच उभा राहतो. बकेट-आर्मला ईएन१९ च ठेवा.

कागल_फिटर
आणि क्रशरच्या जॉ प्लेटला (दगड चिरडणारी प्लेट) हीच प्रोसेस?

लालताव
अजिबात नको. ते मँगनीज स्टील, ११ ते १४ टक्के मँगनीज. त्याला १०५० अंशावरून पाणी दिलं की ते मऊ आणि चिवट होतं, कडक होतं ते दगडाच्या माराने. त्याला टेम्परिंग केलं तर कार्बाइड सुटून ते ठिसूळ होतं.

शिरोली_टर्निंग
एक पिन कापली. मध्यावर एका बाजूला केस ४.३, समोरच्या बाजूला २.६. टोकाकडेही तसंच. बुशही (पिन ज्यात बसते ते नळकांडं) मीच करतो, ईएन३५३ (कमी कार्बनचं पोलाद), तेही सांगा.

नायटल
४.३ आणि २.६ म्हणजे पिन कॉइलच्या मध्यावर नाही, आणि फेरे कमी असल्याने तो फरक भरूनही निघाला नाही. सेंटरवर डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगते ते) बघा. हार्डनिंगनंतरही बघा: वाकलेली पिन ग्राइंड केली की एका बाजूची केस जास्त निघते. ग्राइंडिंगसाठी ठेवलेल्या ०.६५ स्टॉकमध्ये ०.३ च्या वर वाक असेल तर आधी सरळ करून घ्या, पण टेम्परिंग झाल्यावरच.

बुशला कार्ब्युरायझिंग (तापवून वरच्या थरात कार्बन मुरवणं) ९२५ अंशाला. ४ तासांत एकूण खोली साधारण १.२७ मिमी, ९ तासांत १.९. खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट, म्हणून २ मिमीचा हट्ट धरू नका. मग ८३० ला उतरवून तेलात, १७० ला २ तास, ५८ ते ६० एचआरसी. बाहेरच्या अंगाला कार्बन नको, तिथे स्टॉप-ऑफ पेंट लावा. बॉसमध्ये (बुश बसतो ते जाड घर) हातोड्याने ठोकू नका, काठाचे टवके उडतात. लिक्विड नायट्रोजनमध्ये थंड करून बसवा आणि बसवल्यावर बोअर पुन्हा मोजा, तो आकसतो.

आपल्याकडचा काळा फत्तर म्हणजे बेसाल्ट. त्यातलं फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन मोह्सवर (खनिजांच्या कडकपणाचं माप) ६ च्या आसपास, नीट कडक झालेल्या स्टीलच्या तोडीचं. ५६ चा पट्टा त्याच्यापुढे टिकतो, ४० चा खरवडला जातो. सील फाटलं असेल तर मात्र कडक पिनही लवकर जाईल, बुशबरोबर सीलही बदला.

लालताव
उरलेल्यांचं: तडकलेल्या ५ भंगारात, वेल्डिंग करून परत लावू नका. पट्टे असलेल्या पिनेला तशीच पुन्हा इंडक्शन देऊ नका, कडक अंगावर दुसरा ताव बसला की फुटते. आधी टफनिंग करून घ्यावी लागेल, त्यात वाकते आणि ७९.९५ ला आलेल्या पिनेला आता स्टॉक नाही. ग्राइंड करून छोट्या जोडाला वापरता आली तर बघा, नाहीतर सोडून द्या. ज्या बसवल्या नाहीत त्यांना लांबीभर दर १० मिमीला कानस लावा आणि भोकाशी पेनेट्रंट मारा. रंग लावून १५ मिनिटं थांबायचं, मग पुसून डेव्हलपर.

शक्य असेल तर मालकाला विचारून पुढच्या पिनांतलं भोकच काढून टाका. ग्रीसचा निप्पल आर्मच्या बॉसवर घेतला तर पिन भरीव राहते.

शिरोली_टर्निंग
बॉसवर निप्पल चालेल म्हणाले, भोक रद्द. ऑर्डरवर आता असं लिहितोय: ईएन१९ टफन्ड २५० ते ३०० बीएचएन, इंडक्शन केस ३.५ ते ४.५ मिमी ४७६ विकर्सपर्यंत, पॉलिमर, फेरे किमान ८०, तासाभरात १८० अंश २ तास, पहिली पिन कापून दाखवल्यावरच बाकीच्या. बारवाल्याकडे ८५ नाही, ८२ किंवा ९० आहे.

नायटल
९० घ्या. चिप्स जास्त निघतील, पण ८२ नको.