मदत हवी आहे: शिवडी ख्रिश्चन दफनभूमीतल्या जुन्या शिळांसाठी

शिवडीची ही दफनभूमी 1860च्या दशकातली, पूर्वीच्या वनस्पती उद्यानाच्या जागेवरची. म्हणून आत शिरलं की आधी झाडीच दिसते. व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथेच आहेत. शिळांच्या साफसफाई-दुरुस्तीची परवानगी घेतलेली आहे, अडचण कामातली आहे.

संगमरवरी शिळांवर काळं शेवाळ चढलंय. ॲसिड आणि तारेचा ब्रश बाद; संगमरवर ॲसिडने विरघळतो, अक्षरांच्या कडा जातात. सध्या शिळा आधी साध्या पाण्याने भिजवतो, मग मऊ नायलॉन ब्रशने खालून वर घासतो. वरून सुरुवात केली की मळकं पाणी कोरड्या दगडात मुरतं आणि ओघळ उमटतात. पण शिशाची अक्षरं आहेत तिथे ब्रश लावायचीच भीती वाटते. निम्मी आधीच गळलीत, उरलीत ती नुसती खिळ्यांची भोकं.

एका चौथऱ्याच्या सांध्यात पिंपळ आहे, मूळ मनगटाएवढं. वरून छाटला की पावसाळ्यात दुप्पट फुटतो. ओढून काढावा तर दगडच सरकेल. शिवाय कुणीतरी पूर्वी सांधे सिमेंटने भरलेत. ओल बाहेर पडत नाही, कडांच्या खपल्या निघतात.

तर, सिमेंटऐवजी सांधे चुन्याने भरायला मुंबईत मुरवलेला चुना कुठे मिळतो? एक भाग चुना, तीन भाग वाळू, हे प्रमाण इथल्या दमट हवेत टिकतं का? पिंपळाचं मूळ जागीच कसं मारायचं? आणि शिशाची सैल अक्षरं परत बसवलेला कारागीर कुणाच्या माहितीत आहे का?

मिठाचं पाणी, सोडा वगैरे घरगुती उपाय कृपया नकोत. क्षार दगडात मुरतात आणि आतून पापुद्रे सोडवतात.