त्रैक्य न मानणाऱ्यांशी चर्चा: सुरुवात कुठून करावी, काय टाळावं?

कोरा_कागद

आमच्या अभ्यासगटाने दोन बैठका ठरवल्या आहेत. एक यहोवाच्या साक्षीदारांबरोबर (देवाला 'यहोवा' या नावाने ओळखणारा, त्रैक्य न मानणारा पंथ), दुसरी काही मुस्लिम मित्रांबरोबर. विषय दोन्हीकडे एकच: त्रैक्य (देव एकच, पण पिता, पुत्र म्हणजे येशू आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती) आणि येशूचं देवत्व. वेळ प्रत्येकी दीड तास.

वाद जिंकायचा नाही. आपण काय मानतो ते त्यांना नीट कळावं, त्यांचं आपल्याला कळावं आणि मतभेद नक्की कोणत्या वाक्यापाशी सुरू होतो ते दोघांनाही सांगता यावं, एवढंच. पण अशी चर्चा दहा मिनिटांत त्रैक्यावरून नरकावर, तिथून नाताळवर, तिथून रक्त घ्यावं की नाही यावर जाते. म्हणून विचारतो:

१. सुरुवात वचनांनी करावी की व्याख्येने?
२. कोणती वचनं वापरावीत, आणि कोणती अजिबात नकोत?
३. पाणी-बर्फ-वाफ वगैरे दाखले चालतील का?
४. "त्रैक्य रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ साली मतदान घेऊन आणलं" याला काय उत्तर द्यावं?

पायवाट

व्याख्येने. वचनं नंतर. समोरचा जे खोडून काढतो ते बहुतेक वेळा आपण मानतच नसतो, आणि आपलंही त्यांच्या बाबतीत तेच होतं.

सात छोटी वाक्यं एका कागदावर लिहा. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही. पुत्र आत्मा नाही. आत्मा पिता नाही. देव एकच आहे. त्रैक्याचा सिद्धान्त म्हणजे ही सातही वाक्यं एकाच वेळी खरी मानणं: सत्त्व एक, व्यक्ती तीन. अथनेशियस या चौथ्या शतकातल्या बिशपच्या नावावर असलेल्या मतांगीकाराचा (श्रद्धेच्या जाहीर कबुलीचा) पहिला भाग साधारण हेच करतो (तो अथनेशियसने लिहिलेला नाही, पण ते राहू द्या).

मग कागद समोर ठेवून विचारा, "यातलं कोणतं वाक्य तुम्हाला मान्य नाही?" इथे गंमत होते. साक्षीदार दुसरं वाक्य पूर्ण अर्थाने मानत नाहीत, कारण त्यांच्या मते पुत्र ही यहोवाची पहिली निर्मिती आहे. तिसरं तर अजिबात मानत नाहीत, कारण आत्मा म्हणजे देवाची क्रियाशील शक्ती, व्यक्ती नव्हे. उरलेल्या पाचांना त्यांची हरकत नसते. एकत्ववादी पेंटेकॉस्टल (पिता, पुत्र, आत्मा ही एकाच व्यक्तीची रूपं मानणारे) नेमकी मधली तीन, म्हणजे 'नाही' वाली, नाकारतात. मॉर्मन मंडळी पहिल्या सहांना मान डोलावतील, पण सातव्यातलं 'एक' त्यांच्या लेखी हेतूचं ऐक्य आहे. म्हणजे शब्द तेच, अर्थ वेगळा. मुस्लिम सातव्यावर सगळ्यांत ठाम असतात आणि अडचण पहिल्यापासूनच सुरू होते, कारण देवाला 'पिता' म्हणणंच त्यांना पटत नाही. तेव्हा दोन्ही बैठकांना एकच तयारी पुरणार नाही.

वेळेचं म्हणाल तर पहिली वीस मिनिटं फक्त मांडणीला. दोन्ही बाजूंनी आपलं मत सांगायचं, आणि समोरच्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. "हो, हेच म्हणतो आम्ही" असं उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. या टप्प्यावर 'कारण' हा शब्द बंद. तो आला की मांडणी थांबते आणि झटापट सुरू होते. पुढची पन्नास मिनिटं एकाच उताऱ्याला, शक्यतो पूर्ण अध्याय वाचून. शेवटची वीस प्रश्नांना. नरक, नाताळ, रक्त असं काही निघालं की वेगळ्या कागदावर टिपून ठेवायचं. टिपलेलं दिसलं की माणूस तोच मुद्दा पुन्हा पुन्हा काढत नाही.

दाखले: नकोत. पाणी-बर्फ-वाफ यात तेच पाणी आळीपाळीने तीन रूपं घेतं. ही तिसऱ्या शतकातल्या सबेलियसची शिकवण, आणि चर्चने ती नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी (मत्तय ३:१६-१७) तिघं एकाच वेळी दिसतात, तिथेच हा दाखला कोसळतो. एकच माणूस बाप, मुलगा आणि नवरा असतो, हा दाखलाही त्याच जातीचा. अंड्याचं कवच, पांढरं आणि बलक हे तर तुकडे झाले. पिता काही देवाचा एक तृतीयांश नव्हे. त्रिमूर्तीची उपमाही सोडा, तिने दोन्ही परंपरांवर अन्याय होतो. सूर्य आणि प्रकाश त्यातल्या त्यात बरा, नायसियाच्या परिषदेच्या (३२५) मतांगीकारातच 'प्रकाशापासून प्रकाश' असं आहे. पण किरण ही व्यक्ती नाही हे लगेच सांगावं लागतं, आणि मग दाखल्याचा उपयोग काय?

टीपकागद

पायवाट यांच्याशी सहमत. मी दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी नकोत ती. १ योहान ५:७ मधलं "स्वर्गात साक्ष देणारे तिघे" हे वाक्य कधीही वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातलं. साक्षीदारांना हे पाठ असतं. तुम्ही ते वचन काढलंत की उरलेला तास तुमच्या विश्वासार्हतेवर जातो. १ तीमथ्य ३:१६ मध्येही पाठभेद आहे, तेही सोडा. उत्पत्ती १:२६ मधलं "आपण" पुरावा म्हणून कच्चं आहे. योहान १०:३० ("मी आणि पिता एक आहोत") एकटं देऊ नका: साक्षीदार लगेच योहान १७:२२ दाखवून "हे ऐक्य हेतूचं" म्हणतील, आणि एकत्ववादी त्याच वचनावरून अगदी उलट निष्कर्ष काढतील. योहान १:१ च्या ग्रीक व्याकरणात, तुम्हाला ग्रीक येत नसेल तर, शिरूच नका. दोन्हीकडून पाठ केलेली वाक्यं एकमेकांवर आदळतात, बाकी काही होत नाही.

आता वापरायची. ज्या ठिकाणी जुन्या करारात यहोवाविषयी लिहिलेला मजकूर नव्या करारात येशूला लावला आहे, अशा जोड्या घ्या. आणि वाचन साक्षीदारांच्याच भाषांतरातून करा, म्हणजे भाषांतरावर वाद उरत नाही. पण जोडी निवडताना सावध. त्यांच्या या भाषांतराने, म्हणजे 'नव्या जगाच्या भाषांतरा'ने, नव्या करारात 'यहोवा' हे नाव २३७ ठिकाणी घातलं आहे. त्यामुळे रोमकरांस पत्र १०:१३ आणि योएल २:३२ ही एरवी चांगली जोडी तिथे चालत नाही. इब्री लोकांस पत्र १:१०-१२ आणि स्तोत्र १०२:२५-२७ मात्र चालते. स्तोत्र यहोवाला उद्देशून आहे हे पहिल्याच ओवीत दिसतं, आणि इब्रीचा लेखक तेच शब्द पुत्राविषयी देतो. पृथ्वीचा पाया घालणारा, कधी न बदलणारा. उत्तर येईल: "यहोवाने येशूच्या द्वारे निर्मिती केली, म्हणून तसं म्हटलंय." त्यावर वाद न घालता विचारा, "मग 'तू तोच आहेस, तुझी वर्षं संपत नाहीत' हे कुठल्या निर्मित जिवाला म्हणता येईल?" आणि गप्प बसा. खरोखर गप्प. शांतता सहन न होऊन आपणच पुढचं वचन काढतो, ही नेहमीची चूक.

दुसरी जोडी फिलिप्पैकरांस पत्र २:१०-११ आणि यशया ४५:२३. तिसरी योहान १२:४१ आणि यशया ६. एका बैठकीला एकच पुरे.

त्यांच्याकडून येणारी वचनं ठरलेली असतात: मार्क १३:३२, योहान १४:२८, योहान १७:३, कलस्सैकरांस पत्र १:१५, प्रकटीकरण ३:१४, नीतिसूत्रे ८:२२. ती त्यांच्या आधी तुम्ही वाचलेली हवीत. कलस्सै १:१५ मध्ये येशूला सर्व सृष्टीत 'ज्येष्ठ' म्हटलंय, पण ते ज्येष्ठपण जन्मक्रमाचंच असतं असं नाही. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दाविदाला ज्येष्ठ करतो, आणि दावीद इशायाच्या आठ मुलांतला धाकटा. योहान १७:३ मध्ये पिता "एकच खरा देव" आहे म्हणून पुत्र देव नाही, असं म्हणायचं, तर यहूदाच्या पत्रात (वचन ४) येशू "एकच स्वामी व प्रभू" आहे म्हणून पिता प्रभू नाही असंही म्हणावं लागेल. दोघांपैकी कुणालाच ते नको आहे. मार्क १३:३२ (ती घटका पुत्रालाही माहीत नाही) खरंच अवघड आहे. ४५१ च्या काल्सेदोन परिषदेने सांगितलेले दोन स्वभाव, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे आपलं उत्तर. पण ते प्रत्येक वचनाला चिकटवलंत तर पळवाट वाटते, आणि तसं वाटणं चुकीचं नाही.

विरुद्ध_दिशा

मी त्रैक्य मानत नाही, तेव्हा पलीकडच्या खुर्चीवरून चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

कॉन्स्टंटाइनचा मुद्दा आमच्या बाजूचे लोक उगाच वापरतात. त्याने ३२५ मध्ये बोलावलेल्या नायसियाच्या परिषदेत वाद पिता-पुत्र संबंधावर होता. आरियस या धर्मगुरूचं म्हणणं: पुत्र निर्माण केलेला. परिषदेने ते फेटाळलं, आणि शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोनच राहिले. पवित्र आत्म्याविषयी तिथल्या मतांगीकारात जेमतेम एक ओळ आहे. तो भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वाढवला गेला. बादशहाने सिद्धान्त लादला म्हणावं, तर पुढे कॉन्स्टंशियस दुसरा आणि व्हॅलेन्स हे आरियसच्या बाजूला झुकलेले होते, आरियसचा विरोधक अथनेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि खुद्द कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो निकोमेडियाच्या युसेबियसने, जो आरियसचा पाठीराखा होता. बायबलची पुस्तकं नायसियात निवडली, हेही खोटं. 'त्रिनितास' (त्रैक्य) हा लॅटिन शब्द तर ख्रिस्ती लेखक तर्तुलियन शंभरेक वर्षं आधीच वापरत होता.

पण तुम्हीही उलट टोकाला जाऊ नका. ३८१ ची भाषा पहिल्या दिवसापासून जशीच्या तशी होती, हे टिकत नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन पुत्राला 'दुसरा देव' म्हणतो, ते तुमच्या सात वाक्यांत सहज बसत नाही. "शब्द नंतर आले, आशय आधीपासून होता" असा तुमचा दावा असेल तर तो तसाच मांडा. त्यावर निदान बोलता येतं.

आणि अडकल्यावर लगेच "हे गूढ आहे" म्हणू नका. गूढ कुठे सुरू होतं ते आधी सांगा. देव कसा असतो हे कळत नाही, हे गूढ म्हणून मान्य. पण 'एक' आणि 'तीन' एकाच अर्थाने म्हणताय का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे, ते द्या.

साधी_रेघ

मुस्लिम बैठकीबद्दल. सुरुवात आपण काय *नाकारतो* इथून करा: देवाला पत्नी नाही, देवाने शारीरिक अर्थाने मूल जन्माला घातलं नाही, मरिया देव नाही, देव तीन नाहीत. कुराण ५:११६ मध्ये येशू आणि त्याची आई यांना देव मानण्याचा उल्लेख आहे, ५:७३ आणि ४:१७१ मध्ये 'तीन' म्हणण्याचा निषेध आहे, ११२:३ मध्ये देवाला जन्म देणं-घेणं लागू नाही असं आहे. ही चारही ठिकाणं आधी वाचा. यातलं बरंचसं आपणही नाकारतो हे कळलं की खोलीतला ताण उतरतो. मतभेद मात्र तिथेच राहतो. तो लपवू नका, कारण त्यांच्या दृष्टीने शिर्क, म्हणजे देवाच्या बरोबरीला दुसरं कुणी बसवणं, हा सगळ्यांत गंभीर दोष आहे.

कुराणातून येशूचं देवत्व सिद्ध करायला जाऊ नका. ४:१७१ मध्ये येशूला देवाचा 'कलिमा' (शब्द) म्हटलंय खरं, पण मुस्लिम विद्वान त्याचा अर्थ देवाच्या 'हो' (म्हणजे 'अस्तित्वात ये') या आज्ञेने झालेला असा घेतात, ३:५९ मध्ये आदमशी तुलना आहेच. आपण त्यांचा ग्रंथ त्यांना समजावतोय असं दिसतं, आणि ते वाईट दिसतं.

प्रश्न असा विचारता येतो: देवाची वाणी निर्मित की अनादि? इस्लाममध्ये यावर मोठा वाद झालेला आहे. ८३३ मध्ये खलिफा मामूनने 'कुराण निर्मित आहे' हे मत विद्वानांवर सक्तीने लादायला सुरुवात केली, आणि शेवटी सुन्नी परंपरेत अनादि हेच मत टिकलं. एक देव आणि त्याची अनादि वाणी असं म्हणता येतं, हे दोघांनाही ओळखीचं आहे. दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती विद्वानाने आठव्या शतकात हाच धागा पकडला होता. पण समोरचा म्हणेल, "वाणी हा गुण, व्यक्ती नव्हे." त्याचं बरोबर आहे. साम्य तिथे संपतं, तिथे थांबा.

"'मी देव आहे, माझी उपासना करा' असं येशू कुठे म्हणाला?" हे येणारच. या शब्दांत नाही म्हणाला, हे सरळ मान्य करा. मग मार्क १४:६१-६४ वाचा, सोबत दानिएल ७:१३-१४. येशूचं उत्तर ऐकून महायाजकाने वस्त्रं का फाडली, एवढंच विचारा. वधस्तंभाचा विषय (कुराण ४:१५७) त्याच बैठकीत घेऊ नका, तो स्वतंत्र दीड तासाचा आहे.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, कागद तयार करायला घेतो. दोन प्रश्न दोन्हीकडे येतील असं वाटतं. येशू देव होता तर तो प्रार्थना कुणाला करत होता? आणि देव मेला तर तीन दिवस विश्व कोण चालवत होतं?

पायवाट

पहिला प्रश्न सबेलियसला विचारायला हवा, तुम्हाला नाही. चौथं वाक्य दाखवा: पिता पुत्र नाही. पुत्र पित्याशी बोलतो, स्वतःशी नव्हे.

दुसऱ्याचं उत्तर दोन पायऱ्यांत. मेला तो पुत्र, पिता नाही. पिताच वधस्तंभावर गेला या मताविरुद्ध तर्तुलियनने प्राक्सियसला उद्देशून ग्रंथच लिहिला आहे. आणि पुत्र मेला तो मनुष्यस्वभावाने. मरण म्हणजे नाहीसं होणं नव्हे. दुसऱ्या पायरीवर साक्षीदार अडतील, कारण त्यांच्या मते मेलेल्याला कसलंही भान उरत नाही. म्हणजे तो आत्म्याच्या अमरत्वाचा वाद झाला. बाजूच्या कागदावर टिपा आणि उताऱ्याकडे परत या.